न चाखलेलं पाणी

तक्रारीच्या कागदावर चौदा सह्या होत्या आणि त्यातली पहिली माझी होती. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणाला ते शोधून काढल्याचा आनंद नको. मी चौथीपर्यंत शिकलेली बाई. पण सही अशी करते की तिच्याखाली दुसऱ्याची सही पाहुणी आल्यासारखी अंग चोरून बसते.

आमची सूत रंगवायची शेड आहे. सासऱ्यांनी काढली, नवऱ्यानं चालवली, आणि नवरा गेल्यावर लोकांना वाटलं, आता ही बाई पत्रे विकायला काढणार. त्याला सव्वीस वर्षं झाली. पत्रे जागच्या जागी आहेत. आता थोरला मुलगा कारभार बघतो. म्हणजे तो संगणकासमोर बसतो आणि कारभार मी बघते. आमच्या रस्त्यावर अशा चौदा शेडी आहेत, आणि चौदाही शेडींत वयानं मोठी मीच. म्हणून सगळे मला मोठी बाई म्हणतात, तोंडावर तरी.

रंगाऱ्याचं निम्मं काम पाणी करतं. आमच्या विंधन विहिरीचं पाणी जड. साबणाला फेस येत नाही, किटलीत पांढरा थर बसतो, आणि रंग सुताला धरायच्या आधी पाण्यातल्या चुन्यालाच धरून बसतो. म्हणून रंग टाकण्यापूर्वी पाण्यात एक पांढरी पूड टाकावी लागते. ती चुन्याला धरून ठेवते, रंग मोकळा राहतो. पूड किती टाकायची हे त्या दिवशीच्या पाण्यावर. आणि त्या दिवशीचं पाणी ओळखायची आमची रीत म्हणजे जीभ. सकाळी सहाला, वाफ सोडायच्या आधी, हौदात बोट बुडवायचं, जिभेला लावायचं, थुंकायचं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगायचं: "दोन." किंवा "दीड." म्हणजे तितकी मापं पूड. सासऱ्यांनी मला आधी हे शिकवलं, त्यांच्या घरची चूल मी नंतर पाहिली. पाऊण माप आणि एक माप यांतला फरक सांगणारी जीभ माझी होती. दुसऱ्या शेडींतले लोक वाटीत पाणी घेऊन यायचे माझ्याकडे.

मग विहिरी आटायला लागल्या. नगरपालिकेचं चांगलं पाणी घरांनाच पुरेना, तर आमच्या टाक्यांना कुठून देणार? ते मलाही पटलं. लेकराच्या तोंडातलं पाणी काढून मोज्याचं सूत रंगवायला मी काही राक्षसीण नाही. त्याऐवजी त्यांनी आम्हाला काय दिलं, तर सांडपाणी. अख्ख्या शहरानं अंघोळी करून, भांडी घासून, आणि बाकी जे काय करायचं ते करून सोडून दिलेलं पाणी, साफ करून. शहराबाहेर मोठं केंद्र बांधलं, तिथून आमच्या रस्त्यापर्यंत जांभळा पाइप आणला आणि प्रत्येक नळावर पाटी लावली: पिण्यासाठी नाही.

ती पाटी माझ्या सुनेनं लिहिलेली. थोरल्याची बायको त्याच केंद्राच्या प्रयोगशाळेत आहे. पाणी सोडण्याआधी तपासायचं आणि रोजच्या कागदावर सही करायची, हे तिचं काम. घरात ती फार कमी बोलते. दोघींच्या वाटणीचं मी एकटीच बोलून घेते, त्यामुळे आमचं आठ वर्षं बरं चाललंय.

उद्घाटनाला केंद्राच्या मोठ्या साहेबांनी त्या पाण्याचा ग्लास पिऊन दाखवला. टाळ्या, फोटो, सगळं झालं. ग्लास आदल्या रात्री विकतच्या बाटलीतून भरून ठेवला होता, हे आमच्या रस्त्यावर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सगळ्यांना कळलं. सुनेला भरायला सांगितला होता, तर ती म्हणाली, "साहेब, हे पाणी चांगलं आहे, पण ते प्यायचं नाही. मी पाटीवर तसं लिहिलंय. आणि बाटलीतलं पाणी चांगलं आहे ते दाखवायला आपण केंद्र बांधलेलं नाही." मग दुसऱ्या कुणी तरी भरला. मी तेव्हाच घरी म्हटलं होतं, सुताला पाजायचं पाणी साहेबाला कशाला पाजताय? त्याला रंगवायचंय का?

पण त्या एका ग्लासानं सगळं नासलं. साहेबच पीत नाही म्हटल्यावर लोक काय समजायचं ते समजले.

तेरा महिने आम्ही ते पाणी वापरलं. लाल नीट, पिवळा नीट. निळा बिघडायला लागला. सगळा निळा नाही, तो गडद निळा, मोजेवाल्याला लागतो तो. एखाद्या दिवशी बरोबर यायचा आणि दुसऱ्या दिवशी तोच रंग, तेच माप, तेच सूत, तर लडी अशी फिकट आणि तांबूस निघायची, जशी दोन वर्षं उन्हात वाळत घातली होती. मोजेवाला आमचं एकोणीस वर्षांपासूनचं गिऱ्हाईक. त्यानं अख्खा ट्रक परत पाठवला, वर फोनवर थोरल्याला म्हणाला, "आईंना सांगा, डावा मोजा आणि उजवा मोजा आता एकमेकांना ओळखत नाहीत." मला वाईट याचं वाटलं की वाक्य चांगलं होतं.

बाकीच्या शेडींतही तेच. संघटनेच्या सचिवानं बैठक बोलावली. सचिव म्हणजे आमच्यापासून चौथ्या शेडीचा मालक, लग्नात, मयतीला आणि बैठकीला एकाच सुरात बोलणारा माणूस. त्यानं तक्रार लिहून आणली होती: केंद्रातून येणारं पाणी सदोष आहे, तपासणी खोटी आहे, जबाबदार व्यक्तीवर कारवाई व्हावी.

"मोठ्या बाई, आधी तुम्ही," तो म्हणाला आणि पेन पुढे केलं.

मी केली सही. माझ्या डोळ्यांपुढे तो ग्लासवाला साहेब होता. वाटलं, बस आता, धुऊन निघ. पन्नास वर्षं कागद बघतेय, तरी मला हे सुचलं नाही की तक्रार जिना चढून वर जाते आणि शिक्षा तोच जिना उतरून सगळ्यांत खालच्या सहीवर येऊन बसते.

सात दिवसांनी संध्याकाळी सून घरी आली. पाकीट टेबलावर ठेवलं, हात धुतले आणि माझ्यासमोर शेंगा निवडायला बसली. पाकिटात दोन कागद होते. एक तिला: चौकशी पूर्ण होईपर्यंत कामावर येऊ नये, गुरुवारी अकरा वाजता सुनावणीला हजर राहावं, सदोष पाणी प्रमाणित केल्याचं सिद्ध झाल्यास सेवा समाप्त. दुसरा आमच्या तक्रारीची नक्कल. पहिली सही लांबून ओळखू येत होती.

मी दोन्ही कागद वाचले. मला वाचायला वेळ लागतो, पण त्या दिवशी मी मुद्दाम आणखी लावला.

"मला काय माहीत, हे तुझ्यावर येईल?" मी म्हटलं.

"रोजच्या कागदावर माझी सही असते, आई."

"तुझ्या साहेबाची नसते?"

"त्यांची वर्षातून एकदा असते. अहवालावर."

"मग सांगायचं होतंस मला."

"तुम्ही सही करायच्या आधी मला विचारलं असतंत, तर सांगितलं असतं."

असं ती कधी बोलत नाही. थोरला दारात उभा होता, तो तिथूनच परत फिरला. लढाईच्या वेळी पाणी आणायला जाणाऱ्यांपैकी आहे तो.

"माझं पाणी बरोबर होतं," सून शेंगेचा दोरा काढत म्हणाली. "तेराही महिने. एक दिवस नाही चुकलं."

"आणि माझा रंग चुकला? बावन्न वर्षांत?"

"तसं मी म्हटलं नाही. मला उद्या सकाळी शेडीत येऊ द्या. तुम्ही काम सुरू करता तेव्हा."

आठ वर्षं झाली लग्नाला, ती कधी सकाळी सहाला शेडीत आली नव्हती. तिची गाडी साडेसहाला यायची. आणि मीही कधी तिचं केंद्र पाहिलं नव्हतं, बोलावलं होतं तरी. वास येईल म्हणून गेले नाही, असं मी सगळ्यांना सांगायचे. खरं म्हणजे तिथं तिला सगळे मॅडम म्हणतात, आणि मला तिथं कुणाची तरी सासू म्हणून उभं राहायचं नव्हतं.

सकाळी ती एक लहानशी पेटी घेऊन आली. शेडीत सगळे आपापल्या जागी होते. आमचा टाकीवाला, त्याला मी म्हातारा म्हणते, माझ्याहून दोन वर्षांनी लहान आहे, तो हौदाशी गेला. हौदात जांभळ्या पाइपचं पाणी पडत होतं आणि बाजूनं विहिरीचं, कारण विहिरीत जे काही उरलंय ते आम्ही सोडत नाही. त्यानं बोट बुडवलं, वर उचललं, तोंडापर्यंत नेलं, खाली आणून एप्रनला पुसलं आणि ओरडला, "दोन."

पुडीवाल्यानं दोन मापं घेतली.

"थांबा," सून म्हणाली. "काका, दोन काय?"

"दोन मापं पूड."

"कशावरून दोन?"

म्हाताऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "पाण्याच्या चवीवरून. जीभ लावून ठरवतो आम्ही. तुला ठाऊक नाही?"

"नाही," ती म्हणाली. तिचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. "कुणी सांगितलंच नाही मला. पण काकांनी आता जीभ लावली नाही."

"लावली," म्हातारा म्हणाला.

"एप्रनला लावलीत."

मागं कुणी तरी हसलं आणि लगेच खोकला काढला. माझ्या डोक्यात वाफच गेली. मी म्हाताऱ्याला असं झापलं, असं झापलं की सांगायची सोय नाही. चाळीस वर्षं माझ्या घरचं मीठ खातोस आणि मला फसवतोस, वहीत रोज टिक करतोस 'पाणी पाहिलं' म्हणून, हे पाहिलंस होय, माझ्या निळ्याची माती केलीस. तो खाली मान घालून ऐकत होता. मी दम घ्यायला थांबले, तेव्हा तो हळू आवाजात म्हणाला, "बाई, मंगळवारी मी सुट्टीवर असतो. तेव्हा तुम्ही चाखता. मी एकदा लवकर आलो होतो, माझा डबा राहिला होता म्हणून."

एवढंच म्हणाला.  पुढचं सांगायची गरजही नव्हती.

तेरा महिन्यांतले सगळे मंगळवार मी बोट बुडवलं होतं, तोंडापर्यंत नेलं होतं आणि खाली आणलं होतं. जीभ बाहेर निघायचीच नाही. काय काय वाहून आलं असेल त्यातून, हे डोळ्यांपुढे यायचं. मग मी जुन्या सवयीनं "दोन" म्हणायचे, कारण विहिरीच्या पाण्याला बहुतेक दोनच लागायची. आणि ते म्हणताना माझा आवाज नेहमीपेक्षा मोठा असायचा, हेही मला माहीत होतं. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण मी दुसऱ्यांना इतक्या वेळा ऐकवली आहे की तिचे माझ्याकडे हक्कच असावेत.

 सुनेनं पेटीतून काचेची कुपी काढली, हौदातलं पाणी भरलं, त्यात काही तरी टाकलं, पाणी गुलाबी झालं. मग दुसऱ्या बाटलीतून एकेक थेंब टाकत मोजत गेली. चौथ्या थेंबाला गुलाबीचं निळं झालं. तसंच विहिरीच्या पाण्याचं केलं, तर त्याला एकोणीस थेंब लागले.

"जितके थेंब, तितकं पाणी जड," ती म्हणाली. "आमचं पाणी अगदी बारीक छिद्रांच्या पडद्यांतून गाळून येतं, त्यात चुना फार कमी असतो. आज विहिरीचं पाणी कमी आलंय, म्हणून हौदात चार. तुमच्या हिशेबानं याला अर्ध्या मापाहून कमी पूड लागेल."

"जास्त पडली तर काय बिघडतं? पूड काही विष नाही."

"लालला नाही बिघडत. या गडद निळ्यात तांबं असतं, आई. रंगाचा निळेपणा त्याच्यावर टिकतो. पुडीला पाण्यात चुना सापडला नाही, की ती रंगातलं तांबं ओढून घेते."

भुकेला माणूस स्वयंपाकघरात काही सापडलं नाही की पाहुण्याच्या ताटावर बसतो, तसं. मला लगेच कळलं. न कळायला काय झालं, रंग माझा आहे. ज्या दिवशी विहीर जास्त द्यायची त्या दिवशी निळा बरोबर यायचा, आणि ज्या दिवशी कमी द्यायची त्या दिवशी फिका. तेरा महिने हौद माझ्याशी बोलत होता.

तरी मी म्हटलं, बोलण्यावर मी रंग देत नाही, करून दाखव. दोन लहान टाक्या लावल्या. एकीत दोन मापांच्या हिशेबानं पूड, दुसरीत अर्ध्याच्या. तेच सूत, तोच निळा. तीन तासांनी धुऊन, पिळून, वाळवून दोन्ही लडी खिडकीशी धरल्या, जिथं ऊन थेट येत नाही तिथं. पहिली तांबूस, मेलेली. दुसरी अशी निळी, की म्हाताऱ्यानं नुसता हात लावला आणि म्हणाला, "आलं घरी."

"बाई," तो पुढं म्हणाला, "आता ही लडी लपवायची की दाखवायची?"

"आणि एक," सून म्हणाली. "आमच्या पाण्याच्या थेंबांचा आकडा आम्ही रोज सकाळी सगळ्या शेडींना पाठवतो. त्या कागदावर तिसऱ्या ओळीत असतो."

मी थोरल्याकडे पाहिलं.

"मी सगळे कागद फाइलला लावलेत, आई," तो म्हणाला. "तारखेप्रमाणे."

त्याला मी त्या दिवशी काही बोलले नाही. त्याच्यावर वाया घालवण्याइतकं माझ्याकडे उरलं नव्हतं.

दोन्ही लडी घेऊन मी दुपारी रस्त्यावर निघाले. तेरा शेडी, तेरा दारं. प्रत्येकाला विचारलं, पाणी चाखता का? तेराही जण म्हणाले, चाखतो की. एकानं तर जीभ काढून दाखवली. मी त्यांना हौदाशी नेलं आणि म्हटलं, चाखा माझ्यासमोर. मग कुणाचा दात दुखत होता, कुणाला डॉक्टरनं मनाई केली होती, एकाला नेमका फोन आला, आणि फोन उलटा धरून तो बोलत बाहेर गेला. माझ्याइतकेच खोटे सगळे. फरक इतकाच की मला तोवर पाच तास झाले होते आणि त्यांना अजून लाज वाटायला सुरुवातही झाली नव्हती.

शेवटचं, तेरावं दार सचिवाचं. त्यानं दोन्ही लडी शांतपणे पाहिल्या. गाढव नाही तो. कळलं त्याला.

"मोठ्या बाई, बसा," तो म्हणाला. "तक्रार मागे घेतली तर आपण गिऱ्हाइकांना काय सांगायचं? की आम्हाला आमचंच पाणी कळलं नाही? उद्या कोण सूत टाकेल आपल्याकडे?"

"मग सुनेचं काय?"

"सरकारी नोकरी आहे. असं उठून कुणी काढत नाही. बदली होईल लांब कुठं तरी, वर्षभरात सगळे विसरतील."

"ती नाही विसरणार."

"बघा बाई, वाईट वाटून घेऊ नका. पण ती तुमची सून नसती, तर तुम्ही आज या उन्हात तेरा दारं फिरला असतात?"

हे त्यानं बरोबर जागी मारलं. मी त्याच्या शेडीतून बाहेर आले, आणि रस्त्यावर उभी राहून खरंच विचार केला. दुसऱ्या कुणाची लेक असती तर? मला माहीत नाही. बहुतेक मी शेडीतलं माप गुपचूप बदललं असतं, निळा सुधारला म्हणून मिरवलं असतं आणि त्या मुलीचं नावही मला कळलं नसतं. हे लिहिताना मला बरं वाटत नाहीये. पण म्हणून सचिव बरोबर ठरतो असं कुणी म्हणेल, तर त्यानं माझ्यासमोर येऊन म्हणावं. माझ्या सुनेवर आलं तेव्हा माझे डोळे उघडले, ते उघडल्यावर दिसलं ते खोटं कसं होईल?

गुरुवारी सुनावणी. केंद्र पहिल्यांदा पाहिलं. वास म्हणाल तर आमच्या शेडीत सोडा उकळतो तेव्हा याहून जास्त येतो. लांब खोली, लांब टेबल, एका बाजूला मोठे साहेब आणि त्यांची दोन माणसं, दुसऱ्या बाजूला सचिव आणि रस्त्यावरचे सात-आठ मालक. सुनेला टेबलाच्या टोकाला एकटीला खुर्ची दिली होती, शाळेत उशिरा आलेल्या पोरीसारखी. मी माझी खुर्ची उचलली आणि तिच्या शेजारी नेऊन ठेवली. खुर्ची ओढल्याचा आवाज जरा जास्तच झाला. होऊ दिला.

साहेबांनी तक्रार वाचली. म्हणाले, पहिली सही आपली, आपणच बोला.

मी दोन लडी टेबलावर ठेवल्या आणि बोलले. सगळं. पूड, तांबं, चार थेंब, एकोणीस थेंब. हेही की आम्ही रंगारी जिभेवर काम करतो, आणि तेरा महिन्यांत माझ्या शेडीत एकदाही कुणी ते पाणी जिभेला लावलं नाही, मीसुद्धा, आणि वहीत रोज टिक आहे. वही सोबत आणली होती. ती त्यांच्यापुढे सरकवली.  मी रस्त्यावरच्या मंडळींकडे वळले. "तुमच्यापैकी कुणी चाखलं?"

एकानंही मान वर केली नाही. टेबलाचं लाकूड किती छान आहे ते सगळे बघत होते. मला हुंदका आला असता तर बरं, पण मला राग येतो. पन्नास वर्षांचे, साठ वर्षांचे बाप्ये, मुलांना खरं बोला म्हणून मारणारे, एका मुलीची भाकरी काढून घेतायत आणि दात दुखतो म्हणून सांगतायत.

मोठे साहेब मात्र खूश झाले. "म्हणजे पाणी उत्तम आहे," ते म्हणाले. "मोठ्या बाई, तुमच्यासारख्या ज्येष्ठ रंगारीणबाईंनी इथंच, आमच्यासमोर, एक ग्लास घेतला तर? आमचा फोटोवाला आहे. लोकांचा विश्वास बसेल."

त्यांचा एक माणूस उठलासुद्धा ग्लास आणायला.

"बसा खाली," मी म्हटलं. तो बसला. "साहेब, तुमच्या नळावर पाटी आहे, पिण्यासाठी नाही. ती हिनं लिहिली. तुम्ही बाटलीतलं पाणी पिऊन ती पाटी खोटी पाडलीत, त्या दिवसापासून इथल्या कुणालाही हिच्या कागदावर भरवसा राहिला नाही. हिचं पाणी चांगलं आहे हे कळायला कुणी प्यायची गरज नव्हती. आम्ही तिसरी ओळ वाचायची होती आणि तुम्ही खरं बोलायचं होतं. दोन्ही फुकट होतं."

साहेब म्हणाले, भाषा सांभाळा. मी म्हटलं, सांभाळलेलीच आहे, न सांभाळलेली तुम्ही ऐकली नाहीत.

मग ते त्यांच्या माणसांशी कुजबुजले आणि म्हणाले, ठीक आहे, पाण्यात दोष नाही असं नोंदवतो, परंतु वापरणाऱ्यांना योग्य मार्गदर्शन न केल्याबद्दल मॅडमना ताकीद द्यावी लागेल. म्हणजे फाशी रद्द, पण दोर गळ्यात राहू द्या. सून उठली. मला वाटलं, आता ही गप्प बसणार, नेहमीसारखी.

"रोज कागद पाठवला आहे, साहेब," ती म्हणाली. "तीनशे सत्त्याण्णव कागद. मार्गदर्शनाला शेडींत जायची परवानगी मी दोनदा मागितली. दोन्ही अर्जांवर तुमच्या कार्यालयाचा शिक्का आहे, उत्तर नाही. ते अर्ज मी सोबत आणलेत." आणि एकेक करून ठेवले त्यांच्यापुढे, माझ्या लडींच्या शेजारी.

ही माझ्या घरात आठ वर्षं गप्प होती. माझंच बोलणं संपत नव्हतं, तिनं बोलायचं कधी?

ताकीद आली नाही. मी तक्रारीचा मूळ कागद मागितला, माझी सही खोडली, आणि खाली माझ्या चौथीच्या अक्षरात लिहिलं: पाणी बरोबर होतं, पूड जास्त टाकली, चूक शेडीची. त्याखाली पुन्हा सही केली, तारीख घातली. सचिवानं तोंड फिरवलं. सोमवारी सून कामावर गेली.

मोजेवाला परत आलेला नाही. मी स्वतः फोन करून त्याला खरं सांगितलं. तो म्हणाला, बाई, खरं सांगितलंत ते चांगलं केलंत, आणि सूत दुसरीकडे टाकलं. आमच्या शेडीत आता म्हातारा थेंब मोजतो, चष्मा लावून, ओठ हलवत, आणि मध्येच कुणी बोललं तर पहिल्यापासून सुरू करतो. मी शेजारी उभी राहते. माझ्या जिभेला आता शेडीत काही काम नाही. घरच्यांचं म्हणणं, ते त्यांना आधीच जाणवलंय.

आणि आमचे शेजारी. त्यातले निम्मे माझ्याशी बोलत नाहीत. पण परवा संध्याकाळी, दिवे लागायच्या वेळेला, शेडीच्या मागच्या बाजूला, जिथं रिकामे पिंप ठेवतो तिथं, सातव्या शेडीचा मालक उभा. काही नाही, इकडून चाललो होतो. सूनबाई आल्यात का? त्या थेंबांच्या पेटीबद्दल जरा. काल दोघे आले, वेगवेगळे, आणि पिंपांमागे एकमेकांना भेटून दचकले. सून सगळ्यांना सांगते, पेटी कशी वापरायची ते लिहूनही देते. तिच्या मनात काही नसतं.

आज खुद्द सचिव आला. पिंपांमधून वाट काढत, पँटला रंग लागू नये म्हणून तिरका चालत. सून त्याला बघून उठत होती. मी तिला हात धरून खाली बसवलं.

"मोठ्या बाई, जरा काम होतं," तो हळू आवाजात म्हणाला.

"इथं नाही," मी म्हटलं. "तसेच मागे फिरा, रस्त्यावरून वळसा घाला आणि पुढच्या दारानं या. माझी बारा माणसं तिथं कामावर आहेत. त्यांच्यासमोर मोठ्यानं सांगा तुम्हाला काय शिकायचंय आणि कुणाकडून. मग ही शिकवेल."

 तो वळला आणि पिंपांमधून परत गेला. सून माझ्याकडे बघत होती, मला आवरावं की नाही याचा विचार करत असावी. मी म्हटलं, "बघू नकोस अशी. येईल. निळा त्याचाही फिका येतोय." आणि पुढच्या दाराकडे तोंड करून खुर्ची लावली.